भात सोडून

रिटायर झालो तेव्हा कंपनीनं
शाल, नारळ आणि राइस कुकर दिला.
अठ्ठावीस वर्षं रबाळ्यात थर्मोस्टॅट दुरुस्त केले,
खोलून बघायची गरज नव्हती, तरी खोलला.
भांड्याच्या पोटाखाली एक चुंबक, एक स्प्रिंग.
आत पाणी आहे तोवर
भांडं शंभराच्या वर चढत नाही.
पाणी आटलं की चढतं,
तापलेला चुंबक पकड सोडतो.
टक.
शिजलं का, कच्चं राहिलं का,
त्याला काही ठाऊक नसतं.
पाणी संपलं, एवढंच कळतं.

मार्चमध्ये वेणूचा रिपोर्ट आला.
वाशीच्या डॉक्टरनं कागदावर 'भात' लिहिलं
आणि त्यावर आडवी काट मारली.
घणसोली येईस्तोवर रिक्षात ती गप्प.
ओट्याला टेकून म्हणाली,
"भात नाय तं जेवान कसला?"

मग मी वही घातली.

अख्खी ज्वारी. रात्रभर भिजत, एकास तीन पाणी.
पहिल्या टकला दाणा खिळ्यासारखा.
आणखी वाटीभर पाणी, परत बटण खाली.
दुसऱ्या टकला जरा माणसात आला.
जव. एकास अडीच. बुळबुळीत, पण ताकात चालतो.
खपली गहू. तीनदा टक.
वेणू म्हणाली, "गुरांना घाल."
गुरं आता कुठली. दोन दिवस मीच खाल्ला.

मे महिन्यात दुर्वा आली सेक्टर सातातून,
पास्त्याचं पाकीट घेऊन.
"आजोबा, तुमच्या मशीनमध्ये होईल?"
नळ्या जेमतेम बुडतील एवढंच पाणी,
मीठ, चमचाभर तेल.
पाचव्या मिनिटाला भोकातून फेस उसळला,
मी झाकणाखाली लाकडी उलथनं आडवं सारलं
आणि उभा राहिलो,
प्लांटमध्ये गेजसमोर राहायचो तसा.
वर टोमॅटो, ठेचलेला लसूण,
आणि वेणूनं न विचारता टाकलेला घरचा मसाला.
तिनं एक नळी उचलली,
खिडकीच्या उजेडाकडे धरून आरपार बघितलं.
"पोकल हाय," म्हणाली.
मग चार खाल्ल्या.

दुर्वाला सोडायला आम्ही दोघं चालत गेलो.
तिच्या बिल्डिंगच्या गेटपाशी वेणू थांबली,
पार्किंगकडे बोट केलं.
"हितं बापाचा राता व्हायचा.
लाल. खाऱ्या पान्यात पन उभा रहायचा."
वॉचमन उठून उभा राहिला, कोणाकडे जायचंय म्हणून.
येताना रस्त्यात म्हणाली,
"माजा भात येकदा गेलाय."
मी काही बोललो नाही.
माझ्या वहीत त्याचं प्रमाण नव्हतं.

काल रात्रीची नोंद:
ज्वारी दीड वाटी, पाणी साडेचार, मीठ.
मी हॉलमध्ये बातम्या लावून बसलेलो.
डब्याचं झाकण वाजलं,
तांदळाच्या डब्याचं. आवाज वेगळा असतो.
मूठभर. जास्त नाही.
मी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

टक.

तळाला जरा लागलं होतं.
तेवढं तिनं खरवडून घेतलं,
भांडं मांडीवर धरून, दिवा न लावता.