शिधापत्रिकेवरचं सहावं नाव

कार्ड केशरी आहे, एका कोपऱ्यात उंदरानं खाल्लेलं.
सहाव्या ओळीत मी:
यशोधरा भीमराव खोब्रागडे, वय चोवीस, अविवाहित.
सतरा वर्षं झाली,
या कागदावर मी चोवीसचीच.

माझ्या पर्समधला पासपोर्ट
वाळल्या रक्ताच्या रंगाचा. त्यावर हार्पचं चित्र.
हे वाद्य मी अजून कुणाला वाजवताना ऐकलेलं नाही.
नाव कमी करायला आले होते मी,
नागभीडहून अर्ज आणला होता, दोन रुपयांचा,
प्रामाणिक बाईसारखा घडी न पाडता.

धम्मपाल म्हणाला, राहू दे न.
शीलावहिनी चुलीपुढून उठली नाही, तिथूनच म्हणाली,
"पाच किलो कमी होतीन, समजलं का?"
मला राग आला. मी दर महिन्याला पैसे पाठवते,
त्यात असे किती पाच किलो...
हे तोंडातून गेलं, आणि गेल्यावर कळलं
की मी आकडा सांगितला होता, त्यांच्या घरात बसून.
वहिनीनं फुंकणी खाली ठेवली.
"तुह्या वाट्याचे तांदूळ आमी नाई खात.
गोपिकाबाईले देतो.
तिचं नाव कापलं न त्याहीनं. मेली म्हणून.
जिती हाये ते. जाऊन पाह्य."

दुकानात रांग होती, मशीन होतं,
महिनाअखेरपर्यंत अंगठा नाही दिला
तर नाव आपोआप जातं, असं दुकानदार म्हणाला
हवामान सांगावं तसं.
माझ्यापुढच्या म्हाताऱ्यानं अंगठा लावला.
लाल दिवा.
धोतराला पुसला, लावला. लाल दिवा.
रोवणी, कापणी, बांध, कुऱ्हाड,
रेषाच उरल्या नव्हत्या.
"बुढ्याचा घासला," दुकानदार म्हणाला, "तुमचा चालन बाई,
तुमचा अंगठा शिकेल हाये."
मी कशाला लावला, मलाच माहीत नाही.
लाल दिवा.

दिवसाला ऐंशी वेळा हात धुते मी तिकडे.
गॉलवेच्या वृद्धाश्रमात, सात नंबरच्या खोलीत
मिसेस कॉनोली आहेत, त्यांना वाटतं मी त्यांची लेक.
कधी म्हणते नाही, कधी वेळ नसतो म्हणायला.
त्यांचा प्रत्येक घास, प्रत्येक गोळी
मी सहीनिशी लिहून ठेवते.
बाबा गेले तेव्हा माझी रात्रपाळी होती.
हे कुठल्या वहीत लिहितात?

गोपिकाबाईच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती.
तो वास. आंबूस, गोड, डोक्यात चढणारा.
या वासाची मला पूर्वी लाज वाटायची,
हॉस्टेलवर कपडे दोनदा धुवायची मी.
"कोन वं? भीमरावची पोट्टी?
मोठी झाली."
एक्केचाळीस वर्षांच्या बाईला हे म्हणायला
आता जगात एकच माणूस उरलंय
आणि ते सरकारदप्तरी मेलेलं आहे.
मला वाटलं, ती आभार मानेल,
आणि त्याची मी मनात तयारीही केली होती.
तिला ठाऊकच नव्हतं तांदूळ कुणाचे ते.
शीला देते, मी खातो, म्हणाली.
मग फुलं पालथी करता करता,
"तिकडं काय खातस वं?"
भातच, आजी.
"कोनाच्या वाट्याचा?"

ती सहज विचारत होती.
तिला वाटत होतं, सगळीकडे वाटे असतात,
कुणीतरी निघून गेलेलं असतं
आणि त्याचं ताट कुणीतरी जेवत असतं.
मला सात नंबरच्या खोलीतली खरी लेक आठवली,
सिडनीला असते, नाताळला फुलं पाठवते.
मी काहीच बोलले नाही.
बसले, आणि फुलांतले खडे वेचू लागले.

अर्ज अजून पासपोर्टात आहे.
त्याला घडी पडली आहे आता.
महिना संपायला नऊ दिवस आहेत,
माझं विमान सातव्या दिवशी.
वहिनी म्हणते, सकाळी अंगठ्याले खोबरेल तेल लाव,
बुढ्याचा लागला मंगळवारी,
तुहाबी लागन.