कुणाचे साडेपाच

गणपत गल्लीत, कुंद्याच्या दुकानावर
माझं बुकिंगचं ऑफिस, दीड खुर्चीचं.
खालून आटत्या दुधाचा वास चढतो वर
आणि मी त्यात बसून
न पाहिलेल्या बंदरांवरच्या सहली विकतो.

कल्लाप्पा कडोलकर, उद्यमबागेतल्या फौंड्रीतून रिटायर,
सोबत शेवंताबाई. दोघांचं पहिलंच जहाज.
मेसिनाला उतरायचं, डोंगरावरचं गाव बघायचं,
जहाजाचीच छोटी बस, जागा अठरा.
नोंदणी उघडणार मायामीच्या मध्यरात्री,
म्हणजे आपले सकाळचे साडेदहा.
मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं, दोनदा गिरवलं.

साडेदहाला चहा घेऊन बसलो
तर पान उघडून तास झालेला.
आदल्याच रविवारी तिकडच्यांनी
घड्याळं तासभर पुढं सारली होती,
उन्हाळा येतोय म्हणून.
आमच्याकडं उन्हाळ्याला फार तर माठ बदलतात.

आता आपलं आपण जायचं, टॅक्सीनं.
मी त्यांना समोर बसवून सांगितलं :
जहाजाची बस अडकली तर जहाज थांबतं,
तुम्ही अडकलात तर नाही.
साडेपाचला आत पाहिजे.
पण ते साडेपाच जहाजाचे.
जहाज ग्रीसची वेळ धरून चाललंय,
काठावर तेव्हा साडेचारच असतील,
आणि तुमचा फोन काठाचं ऐकेल.
बंदर सोडून चाललेलं जहाज फोनला दिसत नाही.

शेवंताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
"शिनोळीच्या पुढं गेलं की पाटी बदलती,
बशीचा रंग बदलतोय,
फोन सुद्धा रामराम घालतोय नव्या राज्याचा.
पण घड्याळ काय हलत नाही की वो.
आणि तितं पाण्यावर एक रेघ सुद्धा नाही
तर तास जातोय कुठं?"

मला उत्तर आलं नाही.
आमच्या या पट्ट्यात रेघेची एक वेगळीच वेळ आहे,
ती सांगायला बसलो तर
आजचं बुकिंग राहून गेलं असतं.

कल्लाप्पा मात्र हसले.
डाव्या मनगटावरचं एचएमटी काढून टेबलावर ठेवलं.
"आमच्या फौंड्रीचा भोंगा
जगाच्या सात मिनिटं पुढं असायचा.
रेडिओ काय म्हणू दे, देवळाची घंटा काय म्हणू दे,
भोंगा झाल्यावर गेटात आलास तर अर्धा दिवस गेला.
चौतीस वर्षं मी दोन वेळांत जगलोय रे.
जहाज म्हणजे भोंगा. एवढंच की नाही?"

एवढंच.
पाऊण तास नकाशे काढून मी जे सांगत होतो ते एवढंच.
खाली उतरताना त्यांनी पाव किलो कुंदा घेतला,
माझ्या खात्यावर लिहायला सांगितला,
चुकलेल्या बसचा दंड म्हणून.

मे महिना. रात्री दीडला फोन.
"झोपलास काय रे? इथं अकराच वाजल्यात."
मागं लाटा होत्या, की पंखा, कळलं नाही.
डोंगरावरचं गाव छान होतं म्हणे, चढ फार,
शेवंताबाईंनी लिंबं घेतली, आपल्या दुप्पट.
टॅक्सीवाला फोन दाखवून म्हणत होता, अजून तास आहे, बसा.
"मी त्याला एचएमटी दाखवलं.
भोंग्यावर लावलं होतं ते, आधीच.
चाळीस मिनिटं आधी आत.
आमच्या मागनं एक जोडपं पळत आलं बघ,
हातात चपला घेऊन..."

आणि?

रेंज गेली.
मी अंधारात बसून राहिलो.
कोल्हापूरची रात्रीची बस हॉर्न न वाजवता गेली.
ते जोडपं पोचलं का, कोण जाणे;
त्यांनाही कुणीतरी, कुठल्यातरी गल्लीतून,
फोनवरची वेळ बघा म्हणून सांगितलं असणार.

सकाळी रजिस्टर उघडलं.
"वेळ" या रकान्याला मधोमध रेघ मारली,
शेजारी नवा रकाना केला, अरुंद,
त्याच्यावर लिहिलं : "कुणाची".