जंत्री

आपल्या भाषेत जंत्री म्हणजे लांबलचक यादी,
ऐकताऐकता जांभई येणारी.
इथे बडोद्यात जंत्री म्हणजे जमिनीचा सरकारी भाव,
गल्लीगणिक ठरलेला.
मी दोन्हींत वाढले.

वडील घरांची दलाली करायचे, रावपुऱ्यात, सायकलवर.
फाटकाबाहेरूनच किंमत सांगत.
"घराची किंमत म्हणजे विकणाऱ्याची घाई,
आणि घाई दारातल्या चपलांवरून कळते."
ते फारसे चुकले नाहीत.
पण त्यांच्या अंदाजाखाली सही नव्हती,
सहीखाली नोंदणी क्रमांक नव्हता,
आणि चुकलेच, तर जाब विचारायला
कुणी बसलेलं नव्हतं.

मला तो क्रमांक हवा होता.
त्रेचाळिसाव्या वर्षी, पंधरा वर्षं सिमेंट खाऊन झाल्यावर,
मी पन्नास तासांच्या वर्गाला बसले
माझ्या भाच्याच्या वयाच्या मुलांशेजारी.
बाजार, उत्पन्न, खर्च:
तीन वाटांनी एकाच घरापाशी पोचायचं.
तीन वाटांनी तीन घरं दिसली
तर कुठल्या वाटेवर किती विसंबलो
तेही लिहायचं, कारणासकट.

परीक्षेत चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात.
हा नियम मला आवडला.
ठाऊक नसताना गप्प बसलं तर शून्य,
आणि शून्य ही कधीकधी बरी किंमत असते.
पहिल्या खेपेला सत्तावन्न. साठ लागतात.
दुसऱ्या खेपेला मी जास्त गप्प बसले,
त्रेसष्ट मिळाले.

मग अर्ज.
दिवाळखोर आहात का? नाही.
शिक्षा झाली आहे का? नाही.
पात्र आणि योग्य व्यक्ती आहात का?
खूण करायची चौकट मुगाएवढी.
मी उठून चहा करून आले,
मग खूण केली.

पहिलं काम समा भागात.
हर्षिदाबेन त्रिवेदींचं घर,
मुलीच्या दातांच्या दवाखान्यासाठी गहाण पडणारं.
परमार टेपचं टोक धरून उभा, मी आकडे टिपत होते,
तेवढ्यात ताटलीत लीलो चेवडो आला.
आचारसंहिता सांगते, भेट नको,
मन झुकेल असा पाहुणचार नको.
चार दाणे खाल्ले.
ते अहवालात नाही, म्हणून इथे लिहिते.

भिंतींना नवा रंग, पिकल्या पपईचा.
फक्त लोखंडी कपाटामागे
रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता.
तिथे विश्वामित्रीची रेघ होती,
गढूळ, सरळ, कुणी ओळंब्याने आखावी तशी.
परमारने टेप लावली. एक मीटर बारा.
"ए तो जूनुं छे, बेन," त्या म्हणाल्या, "ए ना लखता."
मगर आली होती का, मी विचारलं.
एकदाच. तुळशीपाशी. दोन दिवस बसून होती.
मगरीसाठी वजावटीचा रकाना नाही.
पाण्यासाठी आहे.

वडील म्हणाले असते,
कपाट हलवायचंच कशाला?

रात्री आकडा मांडला.
रेघ धरून एक, रेघ सोडून एक.
दोन्हींच्या मधली रक्कम म्हणजे
दातांची एक खुर्ची, दिव्यासकट.
हे मी मोजायला नको होतं.
पहिला आकडा ठेवला, रेघेचा फोटो जोडला,
तारीख घातली, सही केली, क्रमांक टाकला.
कागद तीन वर्षं जपायचे,
कुणी विचारलं तर काढून दाखवायचे.

अहवाल बँकेत द्यायच्या आदल्या संध्याकाळी
परमारच्या हाती डबा आला,
चेवडो, अर्धा किलो तरी असेल,
वर लिंबू, चिठ्ठी नाही.
लाच होती की माया, कळायला
डब्याला कुठली जंत्री नाही.

परतीचा डबा रिकामा पाठवू नये
असं आमच्याकडे म्हणतात.
मी भरलेलाच पाठवला,
झाकण घट्ट लावून.
लिंबूसुद्धा.