उत्तरेचा उतार

गारा पडल्या त्या मंगळवारी, सात मिनिटं.
मी तळघरात, बीटच्या बरण्यांपाशी;
वर कुणीतरी बटाट्याची पोती
एकामागून एक ओतत असल्यासारखा आवाज.
बाहेर आले तर टोमॅटोचा लगदा
आणि पन्हळीत ओंजळभर काळी रेती,
छपराच्या अंगावरून सोललेली.

शनिवारपर्यंत दारात सहा ट्रक येऊन गेले,
टेक्सासचे, मिझुरीचे, एकाची पाटी अजून ओली.
"मॅडम, तुमच्या वाट्याचे पैसे आम्ही बघून घेतो, फक्त सही करा."
देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो,
हे या पोरांनी फारच शब्दशः घेतलेलं.
मी कुणालाच शिडी लावू दिली नाही.
गळत होतं तिथं डेल्बर्ट श्रागकडून
निळी ताडपत्री ठोकून घेतली, खिळ्यांचीही पावती ठेवली.
पुढचं नुकसान टाळणं माझं काम, असं लिहिलंय.

लिहिलंय बेचाळीस पानं.
भिंग घेऊन बसले स्वयंपाकघरात.
पहिल्या पानावर ते सगळंच देतात,
अकराव्यापासून परत घ्यायला लागतात.
वारा, गारा, पडलेलं झाड: हो.
झीज, वय, शेवाळ, हयगय: नाही.
नुसतं दिसायला वाईट झालं असेल
तर तेही नाही.
हे वाचून मी केस नीट केले, का कोण जाणे.
आणि घराच्या किमतीचे दोन टक्के आधी माझे जाणार,
मग त्यांचे सुरू.

विम्याचा माणूस आला, कोडी रॅमसायर,
माझ्या नातवाएवढा, मऊ तळव्यांचे बूट, खिशात निळा खडू.
दहा बाय दहा फुटांचा चौकोन आखला,
आतल्या जखमा मोजल्या, प्रत्येकीभोवती गोल.
आठ भरल्या की तो उतार गेला असं धरायचं.
उत्तरेला अकरा.
दक्षिणेला पाच.
"ती बघ, ती सहावी," मी शिडीच्या टोकाला लटकून ओरडले.
"तो फोड आहे, मॅडम. उन्हाचा."
एकोणीस उन्हाळे त्या बाजूनं खाल्ले.
उन्हाचं कोण भरून देतं?

मग अंगणातल्या बाकावर त्यानं घसारा समजावला.
छपराचं आयुष्य तीस, वापरून झाली एकोणीस;
उरल्या अकरांचे पैसे आत्ता,
बाकीचे काम पुरं झाल्यावर, बिल दाखवल्यावर,
एकशे ऐंशी दिवसांच्या आत.
"खरंच मिळतील?"
"मिळतील. तुमच्याकडे नव्याच्या किमतीचं कलम आहे.
इथल्या निम्म्या घरांकडे नाही.
कुणीतरी विचार करून घेतलंय."

ऑरव्हिलनं घेतलं होतं.
वर्षाला एकशे चाळीस डॉलर जास्त.
मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

सप्टेंबरात उत्तरेचं जुनं उखडलं.
खालच्या प्लायवुडवर सुताराच्या पेन्सिलीनं त्याचं अक्षर:
दोन बंडलं कमी पडली. वेरलीनला सांगू नये.
छपरावरची मुलगी, मारिसोल, वरून ओरडली,
"हे कापून देऊ का तुम्हाला?"
लाकूड शाबूत आहे ना, मी म्हटलं,
शाबूत लाकडाचे पैसे कुणी देत नाही.
ती जरा थांबली.
मग तिनं वर काळा कागद अंथरला.

जुनी छटा कंपनीनं कधीच बंद केलेली,
तेव्हा घर आता दोन रंगांचं:
रस्त्याकडून कोळसा, गव्हाच्या शेताकडून राख.
चर्चमध्ये एकदोघींनी विचारलं, मी म्हटलं, कलम सतरा.
दक्षिणेवर एक निळा गोल अजून पुसट दिसतो,
पाचातला की माझ्या सहाव्याचा, सांगता येत नाही.

एकशे साठाव्या दिवशी बिल टपालात टाकलं,
पोचपावतीसकट.