मापाला हात

बँकेच्या पत्रात चारच ओळी होत्या:
प्रत्येक यंत्राचे फोटो समोरून, बाजूने,
एक नावाच्या पाटीचा.
मापासाठी शेजारी पट्टी ठेवावी.
चौकटीत माणूस येता कामा नये.

पूर्णगडला उतरले तेव्हा ओहोटी लागली होती.
स्लिपवेचे रूळ पाण्यातून वर येत होते
सावकाश, अंगभर कालवं घेऊन,
आणि पट्टी, स्टीलची, दोन फुटी,
रत्नागिरीत टेबलावरच राहिली होती.

गेट सत्तार मजगावकरांनी उघडलं.
विंचवर सव्वीस वर्षं, त्यानंतर आठ या गेटावर.
"आधी लेथ घ्या," म्हणाले,
"तिच्यावर ऊन नवापर्यंतच असतं."

खरंच होतं. वादळात एक पत्रा उडाला, त्या भोकातून
ऊन थेट चकवर पडलं होतं.
चकच्या तीन जबड्यांत काहीच नव्हतं.
खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा कुरळा कीस,
चष्म्याची एक काडी,
भिजून वाळलेलं कुणाचं तरी हजेरीचं कार्ड.

गंज फोटोत छान येतो.
पिकल्या सुपारीचा रंग, त्यात मधेच
पोपडा सुटलेला जुना हिरवा.
मी तिपाई तेलाच्या डागात रोवली आणि
पाच फोटो जास्तच काढले, बँकेला नको असलेले.
त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत.

पट्टी नाही म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला,
पालथा टेकवला थंड बिडावर, अंगठा ताणला.
"वीत म्हंजे नऊ इंच. लिहा तसं."
हात माणसात मोडतो का,
हे पत्रात नव्हतं.

मग दिवसभर तेच.
ड्रिल, चार वीत. हवेचा कॉम्प्रेसर, सहा.
प्लेटा वाकवायचा रोलर, अठरा वीत चार बोटं,
तिथे हात जरा घाईत टेकला आणि निघाला.
क्रेनच्या माथ्यावर समुद्रगरुडाचं घरटं,
तिथे वीत पोचेना. "अंदाजे" लिहिलं.
स्लिपवर एकेचाळीस नंबरची बार्ज,
फासळ्यांपर्यंतच झालेली.
तिच्या पोटात तिवरांची रोपं, गुडघाभर.

विंच शेवटी.
रॉकेलच्या बोळ्याने पाटी पुसली त्यांनी, दोनदा,
आणि नकळत लिव्हरपाशी उभे राहिले
एक पाय पुढे, मान खाडीकडे.
"बोट सोडायला जोर नाय लागत," म्हणाले,
"जोर लागतो तो धरायला."
चाचा, जरा बाहेर या, मी म्हटलं, चौकटीतून.
ते आले.
सावली यायला थोडा वेळ लागला.

रात्री लॉजवर फोटो मोठे करून बघताना
दिवसभर डोळ्यांसमोर असलेलं दिसलं:
करंगळी दुसऱ्या पेरापाशी संपलेली.
टोक गुळगुळीत, जुनं.
माझी वीत त्यावर धरून पाहिली, हिशेब केला.
सात इंच. फार तर सव्वासात.

फोन लावला.
मागे भरतीचा आवाज, रेडिओ, कुत्रं.
चाचा, तुमची वीत नऊ इंच नाही.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
"व्हती," म्हणाले. मग,
"म्हंजे कागदावर मशिनं मोठी होतील काय?"
हो. सगळीच. पावपट तरी.
"ऱ्हाऊ द्या की.
भंगारवाला काय मापानं घेत नाय,
वजनानं घेतो."

तक्त्यात लांबीच्या रकान्यावर
'इंच' असं छापलेलं होतं.
मी ते खोडलं,
वर बारीक अक्षरात 'वीत' लिहिलं,
आणि लॉट नंबर एकपासून पुन्हा भरायला घेतलं.