जॉबर

बापाच्या कमरेला कायम पाना असायचा.
अशोक चौकामागच्या शेडमध्ये अठरा माग
एकदम खडखडायचे, त्यात एकाचा ठोका चुकला
की घास हातातच राहायचा त्याचा:
"सात नंबर. धोटा अडकतोय."
मालक, पांढरी विजार, बोटात पुष्कराज,
कधी मागाला हात लावायचा नाही.
माग बिघडला की जॉबरला बोलवायचं,
एवढी अक्कल सोलापुरात शेंबड्या पोरालाही होती.

मी लागलो महापालिकेत, जन्म-मृत्यू विभागात.
एका सोमवारी कागद आला:
आपले काम सांभाळून आपणांस
संगणक प्रणालीचा अतिरिक्त कार्यभार सोपविण्यात येत आहे.
का, तर मला मराठी टाइप करता येतं,
आणि साहेबांच्या मोबाइलची रिंग
मीच एकदा मोठी करून दिली होती.
उद्घाटनाचा नारळ टेबलाच्या पायावर फोडला.
पाणी वायरीत गेलं.

भूमव्वा यनगंदुल, विडी घरकुल, वय एकोणसत्तर.
पेन्शन थांबलं म्हणून आली.
पन्नास वर्षं पानं वळून बोटांच्या रेषा गेलेल्या,
यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा.
मग मी नाव घातलं, तर ऱ्हस्व भु असलेली
कुणी एक निघाली, ती मयत,
आणि तिच्या खात्यावर हिचा आधार नंबर.
दीर्घ भू समोर बसून पदरानं घाम पुसत विचारते,
नेनु बतिके उन्न गदा?
जिवंत आहे की रे मी?
मी मान हलवली. मान हलवायचा अधिकार मला आहे.

पुण्याला कंपनीत फोन लावला.
ते म्हणाले, तिकीट काढलंय.
भूमव्वाला वाटलं, एस.टी.चं.
"कितीची गाडी?"

आफरीन नदाफ आली एजन्सीकडून, अकरा महिन्यांवर.
आजोबा गाद्या पिंजायचे तिचे.
आधी तिला झेरॉक्सवर बसवलं, मग चहा सांगायला.
फेब्रुवारीत एका रात्री, लाइट जाऊन आल्यावर,
काळ्या खिडकीत तिनं काहीतरी लिहिलं,
चाळीसेक ओळी असतील.
सकाळी ऱ्हस्व आणि दीर्घ
एकमेकांना ओळख देऊ लागले.
तीनशे बारा माणसं उठून बसली.
मी बघत होतो तिची तिरकी मान,
यंत्राकडे लावलेला कान.
घरी जाऊन बापाच्या फोटोवरची धूळ पुसली.

एकतीस मार्चला तिचं संपलं.
एजन्सीच्या बिलात होतं:
मनुष्यबळ, नग एक.

मी टिपणी घातली. या कामाचं माणूस कायम हवं,
जाणतं हवं, आपलं हवं, नुसतं यंत्र घेऊन भागत नाही.
फाइल चार टेबलं हिंडून आली:
आकृतिबंधात सदर पद नाही.

आकृतिबंध. शब्द देखणा आहे.
आमच्या गल्लीत मल्लेशम जकाटच्या पुठ्ठ्याला भोकं पाडायचा.
एक भोक इकडचं तिकडे झालं
की मोराची चोच पाठीतून निघायची,
आणि तशाच चादरी निघत राहायच्या, शेकड्यानं,
कुणीतरी थांब म्हणेपर्यंत.

जूनमध्ये नवी प्रणाली आली. पुन्हा नारळ.
त्या चाळीस ओळी कुठे गेल्या, कुणालाच माहीत नाही,
कारण त्या होत्या हेच कुठे नोंदलेलं नाही.
आफरीन हैदराबादला बँकेत असते.
मी दुपारी चोरून फोन करतो, ती एकेक अक्षर सांगते,
मी विचारतो, रेघ कुठली, डावीकडे कललेली की उजवीकडे?
ती हसत नाही. तिलाही तिथे काम असतं.

माग बंद पडला की शांततेनं बापाला जाग यायची.
इथे बिघडलेलंही बिनआवाज चालतं.
पडदा निळा, एसी गार, बाहेर चव्वेचाळीस.

भूमव्वा बाकावर बसून आहे.
पुन्हा मेली आहे ती, गेल्या गुरुवारपासून.
शिपायानं घरी जा म्हटलं तर म्हणते,
बसते. तिकीट काढलंय म्हणे माझं.