वजा ब्याऐंशी

कोल्हापूरहून निघून हुपरीत पोचायला बारा वाजले.
गल्लीभर ठोकठोक, तापल्या चांदीचा वास,
आणि आदगोंडा अण्णा दारातच :
"ह्याच्यापेक्षा दांडगा राऊटर आणलाईस न्हवं?"

जुना होता देवळीत,
आरशाच्या पाठीमागं, पितळी समईला खेटून,
चारी अँटेना वर,
पोलिसांनी हात वर करायला लावल्यासारखा.

मी मोबाईल हातात धरून चालू लागलो.
सोप्यात वजा अडतीस.
माजघरात वजा एकसष्ट.
तिजोरीच्या आडोशाला सत्तर.
मग हातभर रुंदीची काळ्या दगडाची भिंत,
श्रावणातली ओल दिवाळीपर्यंत धरून बसलेली,
आणि तिच्यापलीकडं, मागच्या खोलीत,
वजा ब्याऐंशी.

(उण्याचा हिशेब आहे हा.
शून्याकडं सरकेल तेवढं चांगलं.
शून्याला पोचलेलं मी तरी कुणी पाहिलं नाही.)

तिथं त्रिशला बसली होती, अण्णांची सून,
पैंजणाच्या साखळीला घुंगरं डाख लावून जोडत.
डब्याला टेकवलेल्या मोबाईलमध्ये
कॉस्टिंगचा तास. सरांचं तोंड उघडं राहिलेलं,
त्यावर चाक फिरतंय, फिरतंय.
"मी दोनदा शंका विचारली," ती मला म्हणाली,
जणू मीच शिकवणारा.
"त्यांचं मला येतं ऐकू. अधनंमधनं.
माझं त्यांना जातच नाही."

मी पुढं आलो.
दांडगा आणून उपयोग नाही, अण्णा.
राऊटर बोंबलला तर मोबाईलला ऐकू जाईल,
पण मोबाईलचा जीव केवढा?
त्याचं 'हूं' त्या भिंतीतच जिरतंय.
हा विचारतोय, ऐकलंस का? उत्तर नाही.
परत विचारतोय. परत.
त्यात शेजारचे सात राऊटर, सातही सहा नंबरच्या चॅनेलवर,
एका बांधावरनं भांडल्यासारखे.

"मग ते मधी लावायचं येतंय बघ, रिपीटर?"

तो ऐकीव सांगणारा, अण्णा.
निम्मा वेळ ऐकण्यात, निम्मा सांगण्यात,
आणि ज्याला मुळातच अर्धवट ऐकू आलंय
तो पुढं काय पोचवणार?
वायर ओढू. एक राऊटर तिच्या खोलीत.
ह्याचा आवाज जरा कमी करू.

"कमी?"
"कमी."
"आणि भिंत?"
"भोक पाडायला लागंल."

अण्णांनी पाणी मागवलं. सगळा तांब्या प्याले.

जोतिरामनं दोन फुटी बिट लावलं.
आधी चुन्याची पांढरी भुकटी, मग दगडाची काळी,
मग बराच वेळ काहीच नाही, नुसती धग,
मग ड्रिल एकदम हलकं झालं
आणि जोतिराम तोल सावरत म्हणाला, "गेलं."

बंद केल्यावर भोकातनं आवाज आला.
आधी बारकी हातोडी. मग तिचं पुटपुटणं :
"चांदी, अधिक मजुरी, अधिक घट..."

अण्णा वाकले. कान लावला.
नऊ वर्षं झाली तिला ह्या घरात येऊन.
"घट जास्ती धरतीया," ते माझ्याकडं न बघता म्हणाले.
मग बोटांवर काहीतरी मोजलं.
"न्हाई. बरोबर हाय."

मी वायर सरकवली, भोक बुजलं.
टेस्टरचे आठही दिवे हिरवे.
चॅनेल अकरा. मागच्या खोलीत वजा शेहेचाळीस.
सरांचं तोंड मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

आरसा काही हलवू दिला नाही.
बिलातले दोनशे तोडले, ते तोडणारच होते.

मागच्या खोलीत आढ्याजवळ खिळ्याला
वायरचा एक वेढा जास्तीचा सोडून आलोय.
तिला कधी जागा बदलून बसायचं झालं, तर.